दोन चतुर्थ्या आणि भिंतीतली भरती

माझ्या हातात पहिल्यांदा तारा जोडायला डाग द्यायची तापलेली कांडी बघितली तेव्हा सूनबाईच्या हातातून सांडशीच सटकली. कांडीच्या टोकातून धूर निघत होता, ओट्यावर जुन्या रेडिओचं पोट उघडं पडलं होतं आणि मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून त्यात कथील सोडत बसले होते. "आई, हे काय करताय तुम्ही?" ती किंचाळली. मी म्हटलं, "आधी गॅस बंद कर बाई, दूध चाललंय. मग सांगते." तेव्हा दचकली ती होती. पुढे दचकायची पाळी माझ्यावर येणार होती, तीही एकदा नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक?

मी सातवीपर्यंत शिकलेली. कामणच्या पुढे खाडीकाठच्या गावात सून म्हणून आले आणि सगळा जन्म खाऱ्या जमिनीतल्या भातात गेला. मग त्या जमिनीवर मातीचा भराव पडला, भरावावर गोदामं उभी राहिली, आणि आम्ही मुलाबरोबर बोळिंजला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. फ्लॅट चांगला, हवेशीर. पण मला सांगा, ज्या बाईने पहाटेपासून कोंबड्या, लावणी, मळणी, सुकवलेली मासळी एवढा पसारा सांभाळला, तिने तिसऱ्या मजल्यावर करायचं काय? मी मोबाइल बघायला लागले. त्यात एक माणूस हिंदीत समजावून सांगायचा, बिघडलेला मिक्सर कसा खोलायचा, दिवा कसा पेटवायचा, छोट्या स्क्रीनवर अक्षरं कशी आणायची. एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा बघायची, हात भाजून घ्यायची, परत बघायची. मुलाचा जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर एका बोटाने टाइप करायला शिकले. इंग्रजीचा अर्थ लागत नव्हता, पण नक्कल तर करता येते ना? रांगोळी काढणाऱ्या बाईला नकलेचं काय भय!

आणि भिंतीतले ते डबे. बिल्डरने प्रत्येक खोलीत स्विचबोर्डासारखे डबे भिंतीत बसवून ठेवले होते, एक टीव्हीचा, एक फोनचा, आणखी कशाकशाचे. बाहेरून कोरी पांढरी प्लेट, दोन स्क्रू, आत काहीच नाही. मला ते बघवेना. आमच्याकडे घरात रिकामा डबा दिसला की त्यात काहीतरी भरून ठेवायची रीत आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यात मी पहिला स्क्रीन बसवला, वरच्या टाकीत पाणी किती आहे ते सांगणारा. मग समोरच्या वहिनींना ऐकू कमी येतं म्हणून त्यांच्या डब्यात असा बसवला की खाली बेल वाजली की वर "दार" अशी अक्षरं लुकलुकायची. बिल्डिंगमध्ये माझं नावच पडलं, बोर्डवाली काकू. विजेच्या डब्यात मात्र मी कधी हात घातला नाही, हा माझा स्वतःचा कायदा. मोबाइलचा जुना चार्जर प्लगला लावायचा, त्याची बारीक वायर पाइपातून रिकाम्या डब्यात न्यायची, झालं.

आमचे हे माझ्या त्या उद्योगावर हसायचे. "काय गो, आज कुनाच्या भिंतीत घुसलीस?" म्हणायचे.

ह्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खाडीच्या काठाला आमच्या गावाचा मातीचा बांध होता आणि बांधात एक लाकडी दार होतं. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की ते दार उघडायचं म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती यायच्या आत बंद करायचं. चुकलं आणि खारं पाणी आत शिरलं की भात तर गेलंच, पुढची काही वर्षं जमीनही गेली. गावाने हे काम ह्यांच्यावर सोपवलं होतं. ह्यांच्या बापाकडून ह्यांच्याकडे आलेलं. आणि भरतीची वेळ काढायची रीत तीच, जुन्या माणसांची. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. चतुर्थी असली तर तीनला. बोळिंजला आल्यावर ना बांध राहिला होता ना उघाडी, ती भरावाखाली कधीच गाडली गेली. तरी रोज सकाळी हे चहाचा कप घेऊन कॅलेंडरासमोर उभे राहायचे, ओठ हलवायचे आणि सांगायचे, "आज नऊला पानी." कुणाला सांगायचे? मला, सूनबाईला, कुंडीतल्या तुळशीला.

एका सकाळी कॅलेंडरासमोरच ते खाली बसले. अर्धांगाचा झटका होता. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं.

दवाखान्यातून आणलं ते पाठीला उशा लावून बसवण्यापुरते. हॉलमध्येच खिडकीजवळ पलंग घातला. भरवलं तर खायचे, नाही भरवलं तर मागायचे नाहीत. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघतायत की माझ्या मागच्या भिंतीकडे, ते कळायचं नाही. डॉक्टरांनी मुलाला आणि मला समोर बसवून सांगितलं, "बोलणं परत येईल अशी आशा धरू नका. आणि कालचं आज त्यांच्या डोक्यात राहत असेल, असं मला वाटत नाही." मी घरी येऊन भाकऱ्या केल्या. भाकऱ्या करताना मला एकच प्रश्न छळत होता. हा माणूस आत आहे का? की मी रिकाम्या डब्याला भरवतेय?

माझे गुडघे तुम्हाला ठाऊक नाहीत. ह्यांना उठवायचं, पुसायचं, कूस बदलायची, ते माझ्याने होईना. मुलगा पहाटे कामाला जायचा, सूनबाई शाळेत शिकवते. तो वाईट नाही हो, उलट तोच कंबरेला पट्टा बांधून सुट्टीच्या दिवशी बापाला आंघोळ घालायचा. एक दिवस जेवताना मान खाली घालूनच म्हणाला, "आये, पालघरच्या पुढे एक जागा आहे. अशा माणसांना सांभाळतात. मी बघून आलो, स्वच्छ आहे. रविवारी गाडी सांगितलीय."

मी हातातला घास ताटात ठेवला. "त्यांना विचारलंस?"

"कुणाला, बाबांना?" त्याचा आवाज फाटला. "आये, त्यांना काल काय जेवले ते आठवत नाही. मी काय विचारू?"

"मग मला विचार."

"तू नाहीच म्हणशील. आणि मग तूही पडशील. दोघं दोन पलंगांवर, मी कुणाला उचलू?"

सूनबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला तर मी तो झटकला, आणि मग तिचाच हात धरून रडले.

रविवारपर्यंत जे दिवस होते त्यात मी एकच करू शकत होते. म्हटलं, तिकडे जायच्या आधी ह्यांना ह्यांचं पाणी तरी दिसू दे. पलंगासमोरच्या भिंतीत टीव्हीचा रिकामा डबा होता. टीव्ही दुसऱ्या भिंतीवर लावल्यामुळे तो कोराच राहिला होता. दोन बोटं रुंदीचा एक स्क्रीन माझ्याकडे पडून होता, आणि बटणासारखा सेल असलेली घड्याळाची चिप. त्या स्क्रीनला मराठी येत नव्हतं. म्हणून मी चौकटींच्या कागदावर ठिपके मांडले, अगदी संक्रांतीची रांगोळी मांडतात तसे, आणि ठिपक्या-ठिपक्याने "भरती" हा शब्द काढला. भ ला किती दिवे, र ला किती, वेलांटीला जागाच पुरेना. शेवटी वेलांटी जराशी वाकडी बसली, माझ्यासारखीच. प्लेटला मधोमध खिडकी पाडली, तापलेल्या पात्याने कापून आणि कानशीने घासून. मग कॅलेंडर खाली काढलं आणि त्या महिन्याच्या तिथ्या एकेक करून लॅपटॉपवर टाकल्या, प्रत्येकीची पाऊणपट. कॅलेंडर जे म्हणालं ते मी लिहिलं. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. ह्यांच्या बापजाद्यांची रीत, कॅलेंडर छापील, चुकणार कोण?

प्लेट बसवली तो दिवस संकष्टीचा. डब्यात हिरवी अक्षरं उमटली, "भरती ३". मी पलंगाशेजारी बसले आणि म्हटलं, "अवो, बघा. आज तीनला पानी."

ह्यांनी बघितलं. म्हणजे डोळे तिकडे गेले. मग खिडकीकडे गेले. मग मिटले. बस.

मी उपाशी पोटी चंद्राची वाट बघत बसले आणि मनाशी म्हटलं, संपलं. डॉक्टर खरं बोलला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सूनबाई कामाला गेले. मी दुपारची भांडी घासून हॉलमध्ये आले, हात पदराला पुसत. ह्यांचे डोळे भिंतीकडे होते. डब्यात "भरती ३" होतं. मी उशी सरळ करायला वाकले आणि माझ्या कानाजवळ आवाज आला.

"खोटं."

मी सांगते, माझ्या हातातली उशी कुठे गेली मला कळलं नाही. पहिल्यांदा वाटलं टीव्ही चालू आहे. टीव्ही बंद होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डावा ओठ हलत होता, उजवा तसाच लोंबलेला.

"काय म्हनालात?"

त्यांनी खूप वेळ घेतला. एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा वर आला. "काल... पन... तीन."

मी जमिनीवरच बसले. काल! हा माणूस काल म्हणाला. ज्याला कालचं आज आठवत नाही, असं दवाखान्यात सांगितलं गेलं, तो मला कालचा आकडा सांगत होता.

"पानी..." ते चिडले होते, अगदी बांधावर चिडायचे तसे, डावी भुवई वर. "दोन दिस... एका टायमाला... येतं का कंदी?"

मी कॅलेंडराकडे धावले. धावले कसली, भिंत धरून गेले. आणि बघते तर काय, त्या पंधरवड्यात चतुर्थी दोनदा छापली होती. दोन दिवस ओळीने चतुर्थी. तिथी कधीकधी लांबते आणि दोन सूर्योदय गिळते, आमच्याकडे म्हणतात तिथीची वृद्धी झाली. उपास पहिल्या चतुर्थीला धरायचा हे मला पाठ होतं, कारण मी तो धरला होता. पण पाण्याला थोडाच उपास असतो! पाणी रोज पाऊण तास पुढे सरतं, कॅलेंडरात काहीही छापा. कॅलेंडर थांबलं म्हणून खाडी थांबत नाही. मी दोन्ही चतुर्थ्यांना तीन टाकलं होतं. उघाडीवर अशी चूक कुणी केली असती तर गावाने त्याला बांधावरून ढकललं असतं.

"मग आज किती?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटी खिडकीकडे केली. बाहेर बगळे पश्चिमेकडच्या चिखलातून परत येत होते, एका रांगेत, आमच्या बिल्डिंगवरून. ओहोटीला चरायला जातात, पाणी चढलं की फिरतात. मी घड्याळात बघितलं, पावणेचार होत आले होते. म्हणजे इतके दिवस मी समजत होते की हा माणूस शून्यात बघतो, आणि हा पडल्या पडल्या बगळ्यांवरून पाणी मोजत होता! मला हसू फुटलं की रडू, मला अजून सांगता येत नाही.

संध्याकाळी मुलगा आला. मी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन हळूच म्हणाला, "आये, तू काल दिवसभर उपाशी होतीस."

"म्हणजे काय? मला भास झाला?"

"तसं नाही म्हणत मी." आणि तसंच म्हणत होता. त्याने पलंगाजवळ बसून विचारलं, "बाबा, किती वाजता पानी?" ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी सांगते, मला त्या क्षणी ह्यांचा असा राग आला! जन्मभर कुणी विचारलं नाही तरी सांगत फिरलात, आणि आता पोरगा विचारतोय तर तोंड मिटता? मुलाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यात दया होती. मला ती नको होती.

शनिवारी त्याला सुट्टी होती. त्याने ह्यांची बॅग काढली. सदरे, लुंग्या, औषधं. मी सदऱ्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत राहिले. डब्यात त्या दिवशी पंचमी होती, म्हणून पावणेचार दिसत होते. मुलगा बॅगची चेन लावायला वाकला होता, अगदी डब्यासमोर, आणि मागून आवाज आला.

"बाजू हो."

मुलगा वाकलेला तसाच राहिला.

"दिसत नाय मला. बाजू हो." मग जरा थांबून, "खोटं हाय ते. आज साडेचार."

मुलाने वळून बघितलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. लहानपणी खाडीत पडला होता तेव्हा बाहेर काढल्यावर असा दिसत होता. त्याने मोबाइल काढला, त्यात भरतीचा तक्ता शोधला, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. साडेचारच्या आसपासच होती. तो बॅगवरच बसला. सूनबाई आतून विचारत आली, "काय झालं, काय पडलं?" तो म्हणाला, "बाबा ओरडले मला." आणि ढसाढसा रडायला लागला. एवढा मोठा माणूस. बाप ओरडला म्हणून आनंदाने रडणारा पोरगा मी तरी दुसरा बघितला नाही.

गाडीवाल्याला त्यानेच फोन करून नाही म्हणून सांगितलं. दुपारसाठी एक बाई ठेवली, ह्यांना उठवायला-बसवायला.

मग त्याला वाटलं, आता डबा नीट करू. "आये, तिथ्या कशाला? मी मोबाइलवरचे बरोबर आकडे टाकून देतो." त्याने टाकले. डबा अगदी मिनिटापर्यंत बरोबर झाला. आणि हे गप्प झाले.

एक दिवस, दोन दिवस, आठवडा. भिंतीकडे बघायचे, खिडकीकडे बघायचे, बगळे यायचे, आकडा जुळायचा, डोळे मिटायचे. मी "अवो, आज किती?" विचारलं तरी नाही. एका संध्याकाळी मुलगा बॅगकडे बघत उभा होता, ती कपाटावर तशीच होती. मी कांडी तापवायला लावली तेव्हा ह्यांचं गप्प बसणं मला उलगडलं. जिथे सगळंच बरोबर आहे तिथे हा माणूस बोलेल कशाला? बांधावर पाणी वेळेवर येतं-जातं तेव्हा हे कधी बोलायचे? बिडी ओढत बसायचे. आवाज चढायचा तो कुणाच्या हातून चुकलं की.

मी प्लेट काढली आणि मुलाचे आकडे पुसून पुन्हा कॅलेंडरातल्या तिथ्या टाकल्या. जिथे कॅलेंडर बरोबर होतं तिथे मी माझ्या हाताने थोडं बिघडवलं. कुठे अर्धा तास पुढे, कुठे मागे. मुलगा म्हणाला, "आये, काय करतेस?" मी म्हटलं, "तुझं ऑफिस तू सांभाळ, माझी उघाडी मी सांभाळते."

दुसऱ्या दुपारी हे ओरडले. "गो! भात गेलं सगळं! एक घातलंस, पानी साडेबारालाच भरलं!" समोरच्या वहिनींना ऐकू कमी येतं म्हणाले ना मी? त्यासुद्धा दाराशी आल्या.

तेव्हापासून आमचं रोजचं चालू झालं. डबा चुकतो, हे दुरुस्त करतात, मी कपाळावर हात मारते, "अगं बाई, परत चुकलं!" आकड्यांबरोबर दुसरे शब्द यायला लागले. चहा. पाठ. बारक्याला बोलव, म्हणजे आमच्या एवढ्या वाढलेल्या पोराला. माझं नाव अजून घेतलं नाही, पण ते झटक्याच्या आधीही कधी घेत नव्हते.

परवाचं सांगते आणि थांबते. दुपार होती, मी स्टुलावर उभी राहून प्लेट खोलत होते, उद्याचा आकडा बिघडवायला. एक स्क्रू तळहातात, दुसरा सुटायचा. मला वाटलं हे झोपलेत.

"मुद्दाम करतंस ना गो?"

तळहातातला स्क्रू पडला, घरंगळत पलंगाखाली गेला. माझी मागे वळायची हिंमत होईना. किती दिवसांपासून ह्यांना ठाऊक होतं? पहिल्याच दिवसापासून? मग माझ्यासाठी ओरडत होते की काय, मी कपाळावर हात मारावा म्हणून? माझ्या अंगाला मुंग्या आल्या, आणि डब्यात तर झटका बसण्याएवढी वीज नव्हतीच.

शेवटी वळले. डावीकडून हसत होते. अर्धंच तोंड, पण तेच हसणं, "कुनाच्या भिंतीत घुसलीस" वालं.

"राहू दे," म्हणाले. "उद्या पन चुकव."

स्क्रू अजून सापडलेला नाही. प्लेट एकाच स्क्रूवर लटकतेय, जरा वाकडी, तिच्यातल्या वेलांटीसारखी. आमच्याकडे आलात तर तिला हसू नका. आणि भरतीची वेळ हवी असेल तर ह्यांना विचारा, डब्यावर विश्वास ठेवू नका.